हाताने शिवलेली वही ढिली पडते, पाठ फुगते, पुठ्ठा वळतो – नेमकं काय बदलू?

कोरं_पान

ए५ आकाराची वही शिवली आहे. ए४ मापाचे ८० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे) साधे कागद मधोमध दुमडून चार कागदांची एक जुडी, अशा आठ जुड्या. म्हणजे ६४ पानं, १२८ पृष्ठं. प्रत्येक घडीवर सहा भोकं, भरतकामाच्या सुती दोऱ्याचे सहापैकी चार पदर घेऊन शिवण, पाठीवर पांढऱ्या गोंदाचा जाड थर, आणि २ मिमी पुठ्ठ्यावर छापील कागदाचं कव्हर.

आता अडचणी. मधल्या जुड्या पुढे-मागे सरकतात. टाका घट्ट ओढला की भोक फाटत जातं, सैल सोडला तर वही लुळी पडते. पाठ फुगून जवळजवळ १० मिमी झाली आहे आणि समोरची कड जेमतेम ७. वही उघडून टेबलावर ठेवली की आपोआप मिटते. शिवाय दोन दिवसांत पुठ्ठ्याच्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या.

वही रोज लिहायला हवी आहे. शाईपेनाने लिहायचं आणि अधूनमधून तिकिटं, फोटो, सुकलेली पानं चिकटवायची. पुढच्या वहीसाठी गोंद बदलावा की दोरा? आणि शिवणकामातून उरलेलं सुती कापड पुठ्ठ्यावर थेट चिकटवलं तर चालेल का?

दुहेरी_गाठ

गोंदाचा नंबर सगळ्यात शेवटी. तुमच्या पाचपैकी तीन तक्रारी कागदाच्या ग्रेनमुळे, दोऱ्याच्या जाडीमुळे आणि ओढण्याच्या दिशेमुळे आहेत.

आधी ग्रेन. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर कागद निमूट मिटतो, आडवी घातली तर तंतू मोडावे लागतात. मग घडी खरबरीत होते आणि पान सतत उसळी मारून परत यायला बघतं. ए४ च्या बहुतेक रिमांमध्ये ग्रेन लांब बाजूला, म्हणजे २९७ मिमीला समांतर असतो. तुम्ही तो कागद मधोमध दुमडता तेव्हा घडी २१० मिमीच्या बाजूला समांतर पडते, म्हणजे बरोबर ग्रेनच्या आडवी. वही आपोआप मिटते ती यामुळे. गोंद कितीही भारी आणा, यात फरक पडणार नाही.

तपासायचं असेल तर कागद न मोडता नुसता अर्धा वळवा, हाताने हलकेच दाबा, मग दुसऱ्या दिशेने तेच करा. ज्या बाजूने कमी विरोध करतो, ती वळण्याची रेघ ग्रेनला समांतर. शंका राहिली तर छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो लगेच नळीसारखा गुंडाळतो आणि त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. चौकोन कापण्याआधी कागदाची लांब बाजू कुठली ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा, नाहीतर ओल्या तुकड्याकडे बघत बसाल.

मग ए५ वही करायची कशी? ए३ घ्या, ज्याचा ग्रेन ४२० मिमीला समांतर आहे असा. तो मधोमध कापून दोन ए४ करा. आता या ए४ मध्ये ग्रेन २१० मिमीच्या बाजूला समांतर आला, आणि ए५ साठी दुमडलात की घडीही त्याच दिशेला.

दोरा. तुमच्या चार पदरांची जाडी अर्धा मिमीच्या आसपास धरा. प्रत्येक जुडीच्या घडीत तो एकदा जातो. आठ जुड्या म्हणजे पाठीत ४ मिमीची भर, त्यातला थोडा भाग कागदात दबतो. ६४ पानं गुणिले ०.१ मिमी म्हणजे कागदाची जाडी साडेसहाच्या घरात. पाठ १० आणि कड ७ कशी झाली ते इथे दिसतं. दोन उपाय आहेत: बारीक दोरा, किंवा कमी जुड्या. ८० जीएसएमला एका जुडीत सहा कागद आरामात बसतात. पाच जुड्यांत ३० कागद झाले की पाठीतले तीन दोरे वाचले. त्यापुढे मात्र जाऊ नका. कागद वाढले की आतली पानं समोरून बाहेर डोकावतात आणि कड कापताना सगळ्यात आतल्या पानाचा समास लहान होतो.

भरतकामाचा दोरा या कामाला नकोच. सैल पिळाचा असतो, ताणला की लांबतो आणि नंतर टाका ढिला पडतो. जवसाच्या (अळशीच्या) तंतूंचा लिनन दोरा उत्तम. तो नसेल तर गादी-सोफ्याच्या शिलाईचा मजबूत पॉलिएस्टर दोरा चालतो. दोरा मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोन-तीनदा ओढून घ्या, मग बोटांच्या चिमटीतून. मेणामुळे गुंता होत नाही आणि ओढलेला टाका जागेवर धरून राहतो. मेणाचे कण दोऱ्यावर दिसत असतील तर जास्त झालंय, पुसून काढा.

भोकं सुईने पाडू नका. जाड पुस्तक अर्ध्यात उघडून त्याच्या खाचेत जुडी ठेवा आणि टोच्याने आतून बाहेर, घडीच्या अगदी कण्यावर भोक पाडा. टोचा थोडा जरी कलला तरी बाहेरचं भोक घडीच्या बाजूला निघतं, आणि टाका ओढताना फाटतं ते हेच. सुई बोथट टोकाची घ्या आणि दोऱ्यापेक्षा फार जाड नको. मोजणी प्रत्येक जुडीवर वेगळी करू नका. २१० मिमी लांब पट्टी दुमडून तिच्यावर एकदाच खुणा करा: १५, ५५, ८५, १२५, १५५, १९५. पट्टीच्या वरच्या टोकाला बाण काढा आणि प्रत्येक जुडीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब द्या. एक जुडी उलटी झाली की सगळी रांग बिघडते.

आता शिवण, म्हणजे मधल्या जुड्या सरकण्यावरचा इलाज. पहिली जुडी: १५ वरून आत, ५५ वरून बाहेर, बाहेरून ८५ पर्यंत जाऊन आत, १२५ वरून बाहेर, १५५ वरून आत, १९५ वरून बाहेर. सुरुवातीला ८-१० सेंमी शेपूट बाहेर ठेवा. दुसरी जुडी वर ठेवून उलट दिशेने या. बाहेर आलेला दोरा शेजारच्या भोकात घालण्याआधी खालच्या जुडीच्या बाहेरच्या टाक्याखालून काढा. या अडकवणुकीला फ्रेंच लिंक म्हणतात. नुसतं आत-बाहेर शिवलं तर मधला भाग फक्त टोकांवर अवलंबून राहतो, म्हणून सरकतो. दुसऱ्या जुडीच्या शेवटी शेपटाशी दुहेरी गाठ. तिसरीपासून दर टोकाला केटल टाका: सुई खालच्या दोन जुड्यांच्या मधून आत घाला, तिथल्या टाक्यामागून बाहेर काढा, झालेल्या फासातून वर घ्या आणि ओढा.

ओढायचं पाठीला समांतर, ज्या दिशेने शिवत चाललात त्या दिशेला. दोरा पाठीपासून लांब, स्वतःकडे ओढला तर तो करवतीसारखा कागद कापतो. दुसऱ्या हाताचा तळवा जुडीवर सपाट ठेवा. प्रत्येक जुडी झाल्यावर आत डोकावा: दोरा ताठ, पण कागदात रुतलेला नको. आठ जुड्या झाल्यावर एकदम सगळं घट्ट करता येत नाही.

दोरा किती लागतो? पाठीची उंची गुणिले जुड्या, अधिक दोन उंच्या. आठ जुड्यांना २१० सेंमी. एवढा लांब दोरा घासून झिजतो, म्हणून निम्मा घ्या आणि संपला की पुढचा तुकडा घडीच्या आतल्या बाजूला गाठीने जोडा. गाठ पाठीवर आली तर कव्हरखाली गोळा दिसतो.

खळ_आणि_पुठ्ठा

शिवणीबद्दल वरचं सगळं मान्य. गोंदाला मात्र इतकं शेवटी ढकलू नका. जाड थर दिलात तो सुकून कडक झाला असणार, आणि जुड्यांच्या फटींतून आत उतरून पहिली दोन-तीन पानं एकमेकांना धरूनही बसला असेल.

पाठीवर वाळल्यावर लवचीक राहणारा पीव्हीए (पांढरा) गोंद लागतो, लाकूडकामाचा कडक होणारा नव्हे. वही पाठीवर आणि वरच्या कडेवर ठोकून चौकोनी करा, दोन फळ्यांमध्ये ठेवा, पाठ २-३ मिमी बाहेर, वर वजन. वजन आधी द्यायचं, मग गोंद. ब्रशने पातळ हात फिरवा आणि बोटाने दोन जुड्यांमधल्या खाचेत नुसता चोळा. अर्ध्या तासाने दुसरा पातळ हात आणि त्यावर मलमलीची पट्टी. पट्टी पाठीपेक्षा दोन्ही बाजूंना २५ मिमी जास्त, उंचीला मात्र वर-खाली १०-१० मिमी कमी. पुठ्ठ्याला वही धरून ठेवतं ते ही मलमलच, त्यामुळे तिला फाटा देऊ नका. तिच्यावर पाठीच्या मापाची कागदी पट्टी, तिचाही ग्रेन पाठीला समांतर. ग्लू गनचा गोंद नको, थर जाड होतो आणि कालांतराने तडकतो.

पुठ्ठा वळण्याचं गणित असं. गोंद लागलेला कागद ओला होऊन पसरतो, तोही ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त. पुठ्ठ्यावर बसल्यावर तो सुकून आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. बाहेरच्या कव्हरचा कागद ओढतोय आणि आतून तेवढंच ओढणारं काही नाही, म्हणून तुमच्या कडा बाहेर वळल्या. कडा आत, पानांकडे वळल्या असत्या तर दोष अस्तराच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदाचा. पुठ्ठा, कव्हर, अस्तर या तिघांचा ग्रेन पाठीला समांतर ठेवा. एकाचाही आडवा असेल तर पुठ्ठा तिरका पिळवटतो आणि तो कुठल्याही वजनाने सरळ होत नाही.

आत्ताची वही वाचवता येईल. आतल्या बाजूला अस्तरावर आणखी एक पातळ कागद खळीने चिकटवा. खळ मुद्दाम सांगतोय, कारण तिच्यात पाणी जास्त म्हणून तिची ओढही जास्त. गव्हाचा स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा, गार करून चाळणीतून काढा. दोन-तीन दिवसांत संपवा, वास आला की फेकायची.

चिकटवल्यावर अस्तर आणि पहिल्या पानाच्या मध्ये प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा तुकडा घाला, नाहीतर ओल पानांत उतरते आणि पहिली वीस-एक पानं लाटांसारखी होतात. वर सपाट फळी, तिच्यावर वजन, निदान २४ तास. मध्ये उघडून बघायचा मोह टाळा. अर्धवट सुकलेली वही उघडली की पुठ्ठा हवा तसा वळून घेतो.

मापं: २ मिमी पुठ्ठ्याला उंची २१६ मिमी (वर-खाली ३-३ जास्त), रुंदी पानापेक्षा २-३ मिमी कमी, आणि पाठीची पट्टी व पुठ्ठा यांच्यात ७ मिमी खाच. खाच ५ ची ठेवलीत तर कव्हर उघडताना पहिलं पान ओढत नेतं.

निळी_शाई

शाईपेनासाठी जीएसएम बघून कागद घेऊ नका. ८० जीएसएमचा कागदही शाई छान झेलू शकतो आणि १२० चा पिऊन टाकू शकतो. महत्त्वाचं असतं ते कागदाचं सायझिंग, म्हणजे शाई लगेच शोषली जाऊ नये म्हणून बनवताना दिलेलं खळीसारखं द्रव्य. रीम घेण्याआधी एका कागदावर तुमच्याच पेनाने तीन गोष्टी करा: सावकाश एक ओळ लिहा, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा काढा आणि निब दोन सेकंद एका जागी टेकवून ठेवा. रेघेच्या कडांना केस फुटले तर शाई पसरते आहे. मागे टिंब उमटलं तर आरपार जाते. मागे नुसती सावली दिसली तर ते कागदाच्या पातळपणामुळे, आणि ती बहुतेकांना चालते.

जाड कागद निवडलात तर जुडीतले कागद कमी करा: १२० ला तीन, जलरंगाच्या २०० किंवा ३०० जीएसएमला एक किंवा दोन.

कोरं_पान

ग्रेन तपासला. लांब बाजूलाच आहे. ए३ मिळाला नाही तर ए४ मधूनच काही जमेल का? आणि फाटलेल्या भोकांच्या जुड्या टाकूनच द्यायच्या?

दुहेरी_गाठ

जमेल, आकार बदलावा लागेल. ए४ मधोमध कापून दोन ए५ करा आणि ते दुमडा. ए६ वही होते आणि तिच्यात ग्रेन आपोआप पाठीला समांतर येतो. खिशात मावणारी वही चालत असेल तर याहून सोपं काही नाही. दुसरा पर्याय म्हणजे ए४ उभा, लांबीत दुमडा: १०५ रुंद, २९७ उंच. उंची २१० वर कापली की लांबट, अरुंद वही मिळते, रोजच्या नोंदींना आणि याद्यांना झकास. उरलेल्या पट्ट्या फेकू नका, खाली त्यांची गरज पडेल.

कागदाच्या पाकिटावर मापातला एखादा आकडा अधोरेखित असेल तर सहसा ग्रेन त्या बाजूला समांतर असतो. तरी एक कागद वळवून बघाच.

फाटलेली भोकं: जुडी उघडून बघा, बहुतेक वेळा फक्त सगळ्यात बाहेरचा कागद फाटलेला असतो. त्याच्या घडीवर बाहेरून २० मिमी रुंद, पातळ पण चिवट टिश्यूची पट्टी खळीने लावा, सपाट दाबून पूर्ण सुकवा, पुन्हा दुमडा आणि भोकं नव्याने पाडा. अशी पट्टी दोन-तीन जुड्यांना चालते. सगळ्यांना लावलीत तर पाठ परत फुगणार.

उघडी_पाठ

सपाट उघडणं हीच मुख्य गरज असेल तर गोंद, मलमल, खाच हे सगळं सोडून कॉप्टिक शिवण करा ना. पाठीला कव्हर नसतंच. पुठ्ठेही दोऱ्यानेच शिवले जातात आणि वही पूर्ण मागे दुमडता येते. प्रत्येक टाका खालच्या टाक्याभोवती फिरून साखळी बनवतो. वाकडी सुई असेल तर काम निम्म्या वेळात होतं.

तोटेही सांगतो. साखळी उघडीच राहते, त्यामुळे पिशवीत घासून दोरा झिजतो. एका टाक्याचा ताण कमी-जास्त झाला तर तो लपत नाही. आणि दहा-बारा जुड्यांच्या पुढे वही डुलायला लागते. टेबलावर राहणाऱ्या वहीला मी हीच शिवण सुचवीन, रोज बरोबर नेणार असाल तर कव्हरवालीच बरी.

अस्तर_आतून

कापडाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सुती कापड थेट चिकटवू नका. गोंद विणीतून वर येतो आणि सुकल्यावर चकचकीत डाग पडतात, ते जात नाहीत. कापडाला आधी मागून कागद लावून घ्यावा लागतो.

सोपी पद्धत शिवणकाम करणाऱ्यांना माहीतच असेल: दोन्ही बाजूंनी चिकटणारं फ्यूजिंग. कापड धुऊन, इस्त्री करून घ्या. उलट्या बाजूवर फ्यूजिंग, इस्त्री सरकवत न नेता जागोजागी दाबा, गार झालं की वरचा कागद सोला, पातळ टिश्यू ठेवा आणि पुन्हा दाबा. इस्त्री ढकलत नेली तर वीण तिरकी होते, आणि चौकटीचं कापड असेल तर ते कव्हरवर लगेच कळतं. वाफ बंद ठेवा.

फ्यूजिंग नको असेल तर कापड ओलं करून काचेवर पालथं पसरा आणि कागदाला खळ लावून त्यावर बसवा. कागद चारही बाजूंनी कापडापेक्षा २० मिमी मोठा ठेवा, म्हणजे त्याच्या कडा काचेला चिकटून कापड ताणून धरतात. पूर्ण सुकल्यावर सुरीने कडा सोडवून काढा.

कव्हरसाठी कापड पुठ्ठ्याच्या चारही बाजूंना १५-२० मिमी जास्त घ्या. कोपरे ४५ अंशांत कापताना पुठ्ठ्याच्या कोपऱ्यापासून ३-४ मिमी सोडा. अगदी कोपऱ्याला लागून कापलं तर पुठ्ठ्याचं टोक उघडं पडतं, जास्त सोडलं तर गोळा होतो. आधी वरची-खालची बाजू दुमडा, मग कोपऱ्यावरची जादा चिमट नखाने पुठ्ठ्याच्या कडेवर दाबून बसवा, मग उरलेली बाजू. ती चिमट दाबायची राहिली की कोपऱ्याला कुत्र्याचे कान फुटतात.

आणि तुमच्या तिकिटा-फोटोंसाठी: चिकटवाचिकटवीने वही समोरून फुगते आणि कव्हर मिटेनासं होतं. वर ज्या उरलेल्या पट्ट्यांचा उल्लेख आला त्यांतून ३० मिमी रुंद पट्ट्या कापा, पट्टीच्या लांबीला ग्रेन ठेवून. त्या लांबीत दुमडून प्रत्येक जुडीत एक-दोन घाला आणि जुडीबरोबरच शिवा. पाठीजवळ १५ मिमीची पट्टी राहते आणि पुढे मोकळी जागा. जेवढी जाडी चिकटवणार तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या आत हव्यात. म्हणून आधी ठरवा: दर जुडीत दोन फोटो जाणार असतील तर त्या दोन फोटोंच्या जाडीचा कागद घडीत घाला. ही जागा नंतर तयार करता येत नाही, फार तर भरलेल्या भागातली दोन-तीन पानं पाठीपासून १५ मिमीवर कापून टाकता येतात.

चिकटवायला गोंदाची कांडी घ्या, पातळ गोंदाने पान सुरकुततं. थर्मल कागदावर छापलेली तिकिटं आणि पावत्या मात्र चिकटवू नका, उष्णतेने, उजेडाने आणि काही गोंदांनीही त्यांची छपाई उडते. त्यांची साध्या कागदावर प्रत काढून ती लावा. सुकलेली पानं जाड पुस्तकात शोषक कागदाच्या मध्ये पूर्ण कोरडी होईपर्यंत ठेवा. वाकवल्यावर देठ लवत असेल तर ओल आहे, आणि ती वहीत बुरशी होऊन बाहेर येते.

निळी_शाई

फोटोंच्या समोरच्या पानावर शाईपेनाने लिहिणार असाल तर मध्ये बटर पेपरचं एक पान घाला. फोटोच्या गुळगुळीत पृष्ठभागावर शाई पटकन सुकत नाही, आणि वही मिटली की ती तिथेच उमटते.